चुन्याखालची बस

झाँसीतल्या उरल्यासुरल्या समस्त मराठी घरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, खंडेराव गेटजवळ राहणारे अस्मादिक सुधाकरराव, वय वर्षे त्रेपन्न, यांची रोज सकाळी एक फोटो पाठवण्याच्या कामगिरीवरून सुटका झाली आहे. हारतुरे आणू नयेत. सत्कारमूर्ती दमलेली आहे.

ही कामगिरी मला दिली होती शकूताईंनी. सातारा बाजूच्या, लष्करातल्या एका सुभेदारांच्या पत्नी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, आणि चित्रकार. कागदावर त्यांचं मन रमत नसे, त्यांना भिंत लागे. यजमानांची बदली होईल तिथल्या क्वार्टरची एक भिंत त्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवायच्या आणि निघताना स्वतःच तिला चुना लावायच्या, कारण ताबा देताना भिंत पांढरी असावी लागते. "सरकारची भिंत सरकारला गोरीच परत करायची," असं त्या हसत म्हणायच्या. अशी आठ छावण्यांतली आठ चित्रं त्यांनी पुसली. झाँसीचं नववं.

आमची ओळख इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत झाली. त्या मागचा पडदा रंगवत होत्या. मी जाता जाता सल्ला दिला, की आकाश अजून थोडं निळं चाललं असतं. त्यांनी वळूनही न बघता रंगाचा डबा माझ्या हातात दिला. "धर. बोलणारा माणूस रिकाम्या हाताचा बरा दिसत नाही." तो डबा मी पुढे तीन वर्षं धरून होतो.

झाँसीच्या भिंतीवर त्यांनी जवळच्या बरुआसागरहून येणारी बस काढली होती. आल्याची पोती, पोत्यांवर बसलेल्या बायका, मास्तर, शिपाई, आणि सगळेच्या सगळे पेंगत असलेले. कुणाची मान खिडकीवर, कुणाची शेजाऱ्याच्या खांद्यावर.

"ताई, ड्रायव्हर तरी जागा ठेवा हो!"

"तो चित्राच्या बाहेर आहे. आपण सगळे त्याच्याच भरवशावर झोपलोय."

सुभेदार निवृत्त झाले तेव्हा मे महिना होता. ब्रश धरवत नव्हता इतकी गरम हवा. आम्ही दोघांनी मिळून ती बस चुन्याखाली घातली. लाकडाचं अवजड सरकारी कपाट सरकवून त्याच्यामागचा कोपरा माझ्याकडे दिला होता.

"चुन्याचे दोन हात झाले का रे?"

"झाले, ताई."

कपाट परत जागेवर गेलं.

गावी परतताना, स्टेशनवर गाडी हलायच्या आधी त्यांनी हुकूम सोडला. "रोज एक फोटो. तू एक, मी एक. खाली काही लिहायचं नाही. फुलं नकोत, उगवता सूर्य नको, आणि किल्ला तर अजिबात नको. किल्ला कॅलेंडरवाल्यांनी काढलाय."

झालं. मी कारखान्यात जाताना गटाराची झाकणं, सायकलच्या फाटक्या सीटा, समोशाच्या कढईचं काळं बूड असं काहीबाही टिपू लागलो. माझी बायको नंदा हिने पहिला महिनाभर माझा फोन तपासला. मग तिने तो नाद सोडला. म्हणाली, "परक्या बाईला गटाराचं झाकण पाठवणाऱ्या नवऱ्यावर संशय घ्यायलाही लाज वाटते."

पण रोज म्हणजे रोज हे फार थकवणारं असतं. तिसऱ्या वर्षी कारखान्यात काम वाढलं, गुडघे कुरकुरू लागले. मी एक युक्ती काढली. रविवारी सात फोटो काढून ठेवायचे आणि आठवडाभर एकेक सोडायचा. गुरुवारी ताईंचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत.

"सुधाकर, सोमवारपासून तुझ्या गावात सूर्य हललेला नाही. सगळ्या सावल्या एकाच बाजूला, एकाच लांबीच्या."

मी रविवारची युक्ती कबूल केली.

"दमलास तर दमलेला फोटो पाठव. साठवणीतला नको. तो शिळा लागतो."

त्या दिवशी मी माझ्या बुटांचा फोटो पाठवला. उत्तरादाखल त्यांनी त्यांच्या चपलांचा पाठवला.

अशी बरीच वर्षं गेली. यंदा हिवाळ्यात त्यांच्याकडून पांढरी भिंत आली. दुसऱ्या दिवशी तीच. तिसऱ्या दिवशी तीच. मला वाटलं, फोन बिघडला. पण सावली बघायला मला त्यांनीच शिकवलं होतं. ती रोज थोडी वेगळी होती. म्हणजे फोटो ताजे होते. आणि भिंत दिसत होती ती उशीच्या उंचीवरून.

नवव्या दिवशी मी रिवाज मोडून फोन केला. त्यांच्या सूनबाईंनी उचलला. "आई पडून असतात हो, आता उठायच्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून असतात. म्हणतात, माझं सगळं चुन्याखाली गेलं, मागे काहीच उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी छावणीत गेलो. त्या क्वार्टरमध्ये आता एका हवालदाराचं कुटुंब होतं. त्याच्या बायकोला मी सांगितलं, की कपाटामागच्या भिंतीचा फोटो हवा आहे.

"भैया जी, दीवार का? हम लोग का नहीं?"

"आप का भी लेंगे. पहले दीवार."

आम्ही दोघांनी कपाट ओढलं. इतक्या वर्षांत सरकारी चुना दर वेळी त्या कपाटाला वळसा घालून गेला होता. मागे ओल आली होती, पोपडे खाली पडले होते, आणि तिथे पोत्याला टेकून एक म्हातारी झोपली होती. तोंड उघडं, मांडीवर आल्याची पिशवी, नथ जागच्या जागी.

"हाय राम," ती बाई म्हणाली, "ये कब से सो रही है यहाँ?"

मी फोटो पाठवला. 

त्यानंतर सोळा दिवसांनी शकूताई गेल्या. ते सोळा दिवस त्या भिंतीला पाठ करून, मी पाठवलेला फोटो उशाशी ठेवून होत्या, असं सूनबाई सांगतात. मी अजून रोज सकाळी थांबतो, फोन काढतो, आणि मग खिशात ठेवतो.

पण त्या सकाळी, फोटो पोचला तेव्हा, सूनबाईंनी मला फोन लावून तो त्यांच्या तोंडाजवळ धरला होता. आधी नाक ओढल्यासारखं काही ऐकू आलं. मला वाटलं, रडतायत. मग तो आवाज फुटला, डबा हातात देणारा जुना, खणखणीत आवाज:

"कामचुकार कुठला! दुसरा हात मारलाच नव्हतास तू!"