भांडुप ते गोराई: वामनदाची सीट

गोराईला सायकलने जायचंय, रस्ता कसा आहे, असं हल्ली पोरं मला विचारतात. माझी माहिती चाळीस वर्षं जुनी आहे, तरी विचारतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. साल चौऱ्याऐंशी असेल, नाहीतर पंच्याऐंशी. जानेवारीचा रविवार होता एवढं नक्की, कारण पहाटे पवईला बोटं गार पडली होती.

आम्ही तिघे भांडुपचे. मी कांजूरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. दिलीप फिटर, त्यामुळे जगातल्या प्रत्येक नटबोल्टावर त्याचा हक्क. नाईक बँकेत, सायकल बेताची चालवायचा, पण सल्ला द्यायला कधी कमी पडला नाही. दर रविवारी कुठेतरी जायचं, वडापाव खायचा आणि एकमेकांच्या सायकलींना नावं ठेवायची, एवढाच आमचा उद्योग. त्या रविवारच्या तीन आठवडे आधी त्यात चौथा आला, तो माझा शेजारी वामन परब. आम्ही त्याला वामनदा म्हणायचो. वय एकेचाळीस. गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती, मिळेल ते काम करत होता. आता मरोळच्या एका कंपनीत टपाल पोचवायची नोकरी निघाली होती. कंपनीची सायकल घेऊन दिवसभर अंधेरी, सांताक्रूझ हिंडायचं. अट एकच, सायकल आली पाहिजे. वामनदाने जन्मात सायकलला हात लावला नव्हता. साहेबाला मात्र येते म्हणून सांगून आला होता, आणि त्या रविवारनंतरच्या सोमवारी साहेब त्याला चालवून बघणार होता.

मग काय, आम्हाला काम मिळालं. तीन आठवडे रोज संध्याकाळी त्याला मैदानात घेऊन जायचो. दिलीप म्हणायचा, हँडल घट्ट धर. नाईक म्हणायचा, सैल सोड. एक म्हणे समोर बघ, दुसरा म्हणे चाकापुढचा खड्डा बघ. दोघांचं एकमत फक्त सीटवर होतं. सीट उंच पाहिजे, पायडल खाली गेलं की गुडघा सरळ झाला पाहिजे, नाहीतर दुधवाला दिसतो. वामनदा बुटका, तरी त्याच्या भाड्याच्या सायकलचीही सीट आम्ही वर चढवली. बिचारा सगळ्यांना हो म्हणायचा. आठवड्याभरात तोल आला, तिसऱ्या आठवड्यात झकास चालवायला लागला. मग ठरलं की सोमवारच्या आधी एक लांबची रपेट मारायची, गोराई. एवढं जमलं तर अंधेरी म्हणजे किस झाड की पत्ती.

आता रस्ता. पाच वाजता भांडुपहून निघालो, आग्रा रोडने कांजूर, तिथून गांधीनगरला उजवीकडे पवई. आमच्यात दोन नियम होते. सगळ्यात कच्चा असेल तो पुढे, म्हणजे त्याच्या चालीने बाकीचे जातात. आणि सुटताना मागच्याने पुढच्याच्या सीटला धरून धक्का द्यायचा. नारळ फोडतात तसं, शुभ म्हणून. अर्थात पुढे वामनदा आणि धक्का देणारा मी. मैदानातही तेच चालायचं. पवईची चढण त्याने न उतरता काढली. नाईक मध्येच उतरला आणि चेन कशी कुरकुरते ते बघत बसला. चेन चांगली होती, श्वास गेला होता. दिलीपने त्याला गोरेगावपर्यंत सोडलं नाही.

तलाव ओलांडला की आरे कॉलनीत शिरायचं. त्या रस्त्यासाठी तरी एकदा जाच. तेव्हा तबेल्यांचा वास, दोन्हीकडे झाडी आणि दुधाच्या गाड्या सोडल्या तर काही नसायचं. गोरेगावला हायवेवर आलो, टपरीवर चहा आणि वडापाव. तिथे एक गोष्ट माझ्या नजरेला आली होती, पण डोक्यात शिरली नाही. वामनदा थांबायचा तो नेहमी फूटपाथच्या कडेला, नाहीतर एखाद्या दगडापाशी. दगडावर पाय टेकून उभा राहायचा. आम्हाला वाटलं, सावध माणूस आहे. दिलीपने कौतुकही केलं. हायवे तेव्हा मोकळा होता, तरी ट्रक अंगावर येत. बोरिवलीला नऊला पोचलो. मिसळ खाल्ली, ती इतकी तिखट की नाईकचं तोंड पाच मिनिटं बंद होतं. मग खाडीची जेट्टी. होडीत सायकलचं भाडं वेगळं पडायचं आणि सायकल आपणच उचलून चढवायची.

पलीकडे उतरताना वामनदाची सायकल आधी निघाली. आमच्या पुढे माशांच्या टोपल्या, बर्फाच्या लाद्या, सगळा पसारा. मी ओरडून सांगितलं, तू हो पुढे, वाटेत देऊळ लागेल, तिथे थांब, आम्ही येतोच. दहाएक मिनिटांनी आम्ही उतरलो, तर हा तिथेच. हँडल धरून उभा, सदरा घामाने चिंब, पायाची नडगी सोललेली. बाजूला टोपली घेऊन एक कोळीण मावशी बसली होती, ती टक लावून याच्याकडे बघत होती.

नाईक म्हणाला, पंक्चर झालं का? दिलीपने लगेच चाक दाबून बघितलं. वामनदा आमच्याकडे बघेना. मुंबईत इतकी वर्षं काढलेला माणूस, आमच्याशी कधी मालवणीत बोलला नव्हता. खाली बघून हळूच म्हणाला, "माका टांग मारूक जमना नाय."

मला आधी कळेचना. अठ्ठावीस-तीस किलोमीटर चालवत आलेल्या माणसाला सायकलवर चढता येत नाही? मग एकेक आठवलं. धक्का मी द्यायचो. मैदानात कॅरिअर मी धरायचो. रस्त्यात दगड तो शोधायचा, इथे जवळपास एकही नव्हता. एका पायडलवर पाय ठेवून, लंगडत, पळत्या सायकलवर टांग टाकणं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, कारण त्याची गरज आम्ही पडूच दिली नव्हती. आणि उद्या त्याला दर फाटकाशी उतरायचं होतं आणि चढायचं होतं. आधी का नाही सांगितलंस, म्हणून मी चिडलो. तो म्हणाला, "तुम्ही तिघे एवढे खूश होतात. कसं सांगू?"

लाज वाटली मला. तीन आठवडे मी त्याच्यापेक्षा माझ्याच शिकवण्यावर खूश होतो, खोटं कशाला बोलू.

दिलीप आणि नाईक मात्र सुरू झाले. दिलीप म्हणे डावा पाय, तीन उड्या, मग टांग. नाईक म्हणे नाही, दोनच उड्या. वामनदाने प्रयत्न केला आणि सायकलसकट टोपलीवर जाता जाता वाचला. मावशीने टोपली मागे ओढली, शिवी मात्र दिली नाही.

"पाय पोचत नाय तं शीट खाली कर ना," ती म्हणाली. "बसल्या बसल्या निघंल."

दिलीपने तिला समजावायला घेतलं की असं केलं तर गुडघ्याची वाट लागते, जोर जातो, शिवाय बरं दिसत नाही. मावशीने सुरमई पुसून परत टोपलीत ठेवली. वामनदाने दिलीपपुढे हात केला. "पाना दे."

दिलीपने दिला. वामनदाने सीट पार खाली बसवली, आरामात वर बसला, दोन्ही पाय जमिनीला टेकवले, एकाने रेटा दिला आणि निघाला. थोडा डुगडुगला, मग सरळ झाला. दिसत होता अगदी दुधवाला. देवळापाशी उतरला, बसला, परत आला. समुद्र आम्ही त्या दिवशी नीट बघितलाच नाही. किनाऱ्यावर हा चढत-उतरत होता आणि आम्ही तिघे वाळूत बसून मोजत होतो. येताना पुढे तोच होता, धक्का कोणी दिला नाही.

सोमवारी संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. साहेबाने फाटकापर्यंत जाऊन यायला सांगितलं होतं, तो जाऊन आला. सीटबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. बरोबर आलेल्या त्याच्या बायकोने, शालिनी वहिनींनी, माझ्या हातावर दोन पेढे ठेवले, आणि मला खरंच खूप आनंद झाला.

पुढच्या रविवारी नेहमीसारखे पाच वाजता आम्ही तिघे त्याच्या दारात. ठाण्याला जायचं ठरवलं होतं. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, "झोपू द्या हो त्यांना. सहा दिवस सायकलच चालवतात, आज सुट्टी आहे."

आम्ही ठाण्याला गेलो. मुलुंडचा नाका येईपर्यंत कोणी कोणाला काही शिकवलं नाही.