रंजिताचा बिल्ला

लोणखेड्याच्या सुंदरबाईचं निम्मं आयुष्य जिनिंगच्या कारखान्यात कापसातली किडकी कवडी वेचण्यात गेलं. औंदा मालकाने सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले घातले. कोण कुठे आहे ते मोबाइलवर ठिपक्याने दिसायचं. आग लागली तर माणूस सापडावा आणि कामावर कोणी बसून राहू नये, दोन्हीसाठी. ठिपका फार वेळ हलला नाही की तांबडा व्हायचा, मग सुपरवायझर भूपेश यायचाच. दुसऱ्याचा बिल्ला घातला तर दोघांना घरी, असा दम होता.

थंडीपासून सून रंजिताचं अंग अधूनमधून तापायचं. खाडा परवडत नव्हता.

"दे तो बिल्ला. जाय, कापूसनी गंजीमांगे पडी ऱ्हाय."

"आत्याबाई, त्यास्ले दिसीन ना."

"मोबाइलले ताप कळस का?"

सुनेचा बिल्ला लुगड्याच्या ओट्यात खोचून सुंदरबाई दोघींची मिळून हिंडत राहायची. त्या दुपारीही तेच केलं.

कापसातून खडा गेला, यंत्रात ठिणगी उडाली आणि गंजी पेटली. धुरात सगळे फाटकाकडे पळाले. रंजिता पुढे गेली असेल म्हणून सुंदरबाईही पळाली. तिथे एकेक तोंड पाहिलं. रंजिता नव्हती.

भूपेश मोबाइल बघत म्हणाला, "सगळा बाहेर शेतस. आते मझार कोणी जावानं नई."

"भाऊ, मन्ही सून मझार शे."

"माय, ती तुन्हाजोडेच दिसी ऱ्हायनी."

सुंदरबाईचा हात ओट्यावर गेला आणि तिथेच अडकला. घरात कमावणाऱ्या या दोघीच. मग तिने ओटा सोडला, बिल्ला खाली पडला. बिल्ला पाहून भूपेशचा चेहरा उतरला.

"मांगली गंजी," ती म्हणाली. "झोपेल शे."

ओलं पोतं डोक्यावर घेऊन तो धुरात शिरला. सुंदरबाई तिकडे बघत उभी राहिली. कोणीतरी पाणी दिलं, ते तिच्या हातातच राहिलं.

तो रंजिताला ओढतच घेऊन आला. ती खोकत होती, डोळे उघडे होते. सुंदरबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

भूपेश शेजारी बसला. "तुम्हना दोन्ही ठिपका संडासलेबी संगे जात. माले कवयच कळी गयं व्हतं, माय. मी बोलनू नई. आज गडबडमा याद उनी नई."

फाटकातून मालकाची गाडी आत आली. भूपेशने चटकन जमिनीवरचा रंजिताचा बिल्ला उचलून खिशात सरकवला.

"काढ तो," सुंदरबाई म्हणाली. "दे मन्हाकडे. आज लपाडा तं उद्या दुसरं कोणी मझार ऱ्हाई जाई."

बिल्ला मुठीत धरून ती गाडीचं दार उघडायची वाट बघत बसली.