आबांची विलायती जनावरं

गिनिपिगांना हात लावण्याआधी आबा चुलीपुढे बसून तळवे शेकायचे. मलाही सांगायचे, "बाईनू, हात गरम करून येवा. तेंका थंड हात चलणत नाय."

एकोणीसशे साठच्या सुमारास मी शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते आणि आबांच्या पडवीलगतच्या खोलीत राहत होते. मुंबईच्या एका प्रयोगशाळेतून निवृत्त होताना त्यांनी गिनिपिगांची एक जोडी आणली होती. तिचे आता सहा झाले होते. उन्हाळ्यात आबा पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकत, वाळूतलं गवत धुऊन देत. माणसांशी मात्र ते वाईट वागत. एकाने गंमत म्हणून पिंजऱ्यात पेटती विडी टाकली, तेव्हा आबांनी त्याचं डोकं माडावर आपटलं होतं.

शेजारच्या अर्ध्या घरात आबांचा धाकटा भाऊ दाजी राहायचा. त्याचा शिकारी कुत्रा एका दुपारी पिंजरा फोडून आत घुसला. मी धावत पोचले तेव्हा तीन गिनिपिग फाटून पडले होते. आबांनी पडवीत टेकवलेलं वल्हं उचललं आणि कुत्र्याच्या कपाळात घातलं. तो पडला, तरी ते मारतच राहिले.

दाजी माडाखालून कोयता घेऊनच आला. "माझ्या कुत्र्याक मारलंस?" त्याने वार केला, आबांनी हात आडवा धरला. उजव्या हाताची दोन बोटं मातीत पडली. दाजी कोयता टाकून तिथेच बसला.

मी पदर फाडून हात बांधत होते. आबांचं लक्ष दुसरीकडे होतं. कणा मोडलेली काळी मादी मागचे पाय फरपटत किंचाळत होती.

"बाईनू, तिका तुमीच सोडवा. माझो हात गेलो."

"मला नाही जमणार, आबा."

"मुंबैक डॉक्टर तेंका सुई टोचत, मगे मारूचा काम माझा. ईस वर्सां मी ह्याच केलंय. मान धरा. एकाच झटक्यात. हात थरथरलो तर तिका दोनदा मरूचा लागात."

मी ते केलं. बोटांखाली काहीतरी तुटलं आणि किंचाळणं थांबलं.

दवाखान्यात हवालदाराला आबा शुद्ध मराठीत म्हणाले, "नारळ सोलताना कोयता निसटला." खोटं का सांगितलंत, असं मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "कुत्र्यान मारल्यान, तो तेचो सभाव. तो पडल्यावरय मी तेका मारलंय, तो कोणाचो सभाव?"

भाऊ पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत. पण पिंजरा दाजीने दुरुस्त केला आणि आबांनी करू दिला.

वर्षभराने माझी कुडाळला बदली झाली. निघताना आबांनी एक पिल्लू पुढे केलं. मी हात मागे घेतले.

"नको, आबा. त्या दुपारपासून ह्या हातांनी त्यांना उचलवत नाही."

त्यांनी उरलेल्या तीन बोटांनी पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवलं.

"म्हणानच घेवा," ते म्हणाले.