बेंडखाली उभं कोण राहतं

"गंज मॅडमच्या घरातच आहे," आमच्या तपासणी कंपनीचे डायरेक्टर म्हणाले. "वडील प्लान्टमध्ये गंज खरवडायचे. लेक पीएचडी करून तेच करतेय. सरकारची कृपा!"

बेलापूरच्या ऑफिसातली मीटिंग. समोर केमिकल कारखान्याचे पाच साहेब. सगळे हसले.

मीही हसले.

वडिलांचं मीच सांगितलं होतं, नोकरीच्या मुलाखतीत. अभिमानानं. आप्पा ठेकेदाराच्या हाताखाली टाक्यांत उतरायचे. तारेच्या ब्रशनं गंज काढायचे. घरी आले की खोकायचे, आणि रुमालावर तांबडं पडायचं. आम्हाला वाटायचं रक्त. आप्पा म्हणायचे, "रगत न्हाय, लोखंड हाय." आमच्या वस्तीतले बरेच जण त्याच कामाला. त्या कामाला दुसऱ्या वस्तीतून कोणी येत नसे.

म्हणून मी धातू शिकले. धातू का गंजतो, किती दिवस टिकेल, हे सांगणं माझं काम. वीस वर्षं तेच करतेय.

त्या दिवशी मी सांगत होते एका पाइपलाइनबद्दल. तिच्यातून गरम कॉस्टिक जातं. अंगावर पडलं की कातडी खातं. पाइपावर बाहेरून पत्र्याचं आवरण. दिसायला चकाचक. पत्र्याच्या फटीतून पावसाचं पाणी आत मुरलेलं. मी स्वतः शिडीवर चढून पत्रा काढायला लावला. वळणावर, ज्याला आम्ही बेंड म्हणतो, तिथं मशीन लावून जाडी मोजली. तीनदा मोजली. पाइपाची भिंत एक तृतीयांश उरली होती.

अहवालात मी लिहिलं : लाइन ताबडतोब बंद करा.

लाइन बंद म्हणजे कारखान्याचं उत्पादन बंद. म्हणून ती मीटिंग. मी आकडे दाखवत होते, तेवढ्यात डायरेक्टरांनी तो विनोद केला. हसणं थांबलं तेव्हा माझे आकडेही संपले होते. कोणी पुन्हा विचारलंच नाही. डायरेक्टरांनी माझं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'निरीक्षणाखाली ठेवावे.' कागद माझ्याकडे सरकवला.

"एवढं टेन्शन नका घेऊ मॅडम. करा सही."

मी सही केली.

कोणी हात धरला नव्हता. नोकरी जाईल असंही कोणी म्हणालं नव्हतं. मी थकले होते. कॉलेजात 'कोट्यातली', लॅबमध्ये 'कोट्यातली', प्रत्येक आकडा दुसऱ्यांच्या दुप्पट वेळा सिद्ध करायचा. एक दिवस वाटलं, जाऊ दे.

पुढच्या महिन्यात बेंड फुटला. खाली एक रंगारी काम करत होता. ठेक्यावरचा. पाठ, मान, एक डोळा.

मी हॉस्पिटलात गेले. त्याची बायको वॉर्डाबाहेर फरशीवर बसली होती. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "पाइप कमजोर हाय, ह्ये कुनालाच ठाव नव्हतं का, म्याडम?"

मी जिना उतरून जुईनगरला घरी आले आणि आप्पांना सगळं सांगितलं. मीटिंग, विनोद, सही. वाटलं, विनोदाचं त्यांना लागेल.

"बेंडखाली उभं कोन ऱ्हातं, तुला ठाव व्हतं," एवढंच म्हणाले. आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

आठवड्यानं डायरेक्टरांनी बोलावलं. चौकशी लागली होती. दार लावून घेतलं. आवाज एकदम मऊ.

"मोजण्यात चूक झाली असं लिहून द्या. तुमच्याकडून झाली म्हटलं तर कोणाला आश्चर्य वाटणार नाही. आम्ही सांभाळून घेऊ."

कोणाला आश्चर्य वाटणार नाही. वीस वर्षांनंतर माझी किंमत एवढीच. माझं नाव लावलं की चूक खरी वाटते.

मी म्हणाले, "माझं मोजमाप बरोबर होतं. चूक माझी सही होती. मी दोन्ही लिहून देते."

"उपकार विसरलात."

"कुठले?"

मी उठले.

तपासणीला जाताना आमच्याकडे फील्डची वही असते. तारीख, जागा, जाडी, सगळं जागेवरच पेनानं लिहिलेलं. ती वही, बेंडचे फोटो आणि खोडलेला मूळ मसुदा घेऊन मी चौकशी अधिकाऱ्यांकडे गेले. पोच घेतली. संध्याकाळपर्यंत माझा ऑफिसचा ईमेल बंद झाला होता.

त्याला दीड वर्ष झालं. या पट्ट्यात मला कायमचं काम कोणी देत नाही. मी खासगी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. सोसायटीतले विचारतात, मॅडम, एवढ्या शिकून क्लासच घेता? रंगाऱ्याचा डोळा गेला. त्याची बायको माझ्याशी अजून धड बोलत नाही. तिनं का बोलावं?

आता कोर्टात माझी साक्ष आहे. वकील म्हणतात, सहीचा विषय आपण होऊन काढू नका, तुम्हीही अडकाल.

मी काढणार आहे. आधी माझं नाव सांगेन. मग त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाचं, आडनावासकट.