पंचामृतात बुडवलेला ओपल

ओपल पाण्यात ठेवून विकणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. जयपूरचे व्यापारी रफ, म्हणजे न कापलेला कच्चा माल, घेऊन आमच्या शहरातल्या लष्कर भागाच्या बाजारात येतात तेव्हा काचेच्या बरण्यांत पाणी भरून दगड आत सोडलेले असतात. ओला दगड नितळ दिसतो, त्याच्या भेगा झाकल्या जातात आणि गिऱ्हाईक भुलतं. मी बरणीतून दगड काढायला लावते, फडक्यावर ठेवते, बाडा चौकातली बाकीची कामं उरकते आणि दुपारी परत येते. तोवर दगड खरं बोलायला लागलेला असतो. मग तो जिभेला लावून बघते. इथिओपियाचा कोरडा ओपल जिभेला चिकटतो, कारण तो पितो. समोर येईल ते पितो. व्यापारी हसतात. हसू देत.

असाच एक सुपारीएवढा तुकडा मला मिळाला. वरून मळकट, पण एका कोपऱ्यात हिरव्याच्या आत लाल पेटलेलं. इतकी वर्षं दगड घासते आहे, असा रंग माझ्या हाताला कधी लागला नव्हता. तो मी मुलीसाठी घेतला.

मुलगी जवळच मुरारला बँकेत आहे. दोन-तीन ठिकाणी लग्नाचं बोलणं होऊन फिसकटलं, तशी माझी नणंद तिची पत्रिका घेऊन तिच्या गुरुजींकडे गेली. गुरुजींनी सांगितलं, शुक्र बिघडलेला आहे, दोष आहे, ओपल घाला. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात दोष हा शब्द चहाबरोबर खारी खावी तसा खाल्ला जाऊ लागला. कोणीही यावं, चहा घ्यावा आणि माझ्या धडधाकट, कमावत्या, हसऱ्या मुलीच्या दोषाची चौकशी करून जावं. बोलणं फिसकटवणाऱ्या त्या घरांची पत्रिका मात्र कोणी मागितली नाही. मी बोलले की नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना." जाऊ दे, जाऊ दे म्हणतच इथवर आलो.

ओपल कापायला मी तयार झाले ती शुक्रासाठी नाही. मला तिच्या बोटात काहीतरी सुंदर हवं होतं, बस. हरिशंकरपुरमच्या आमच्या घरात जिन्याखाली माझी जागा आहे: एक मोटर, चाकं, वरून ठिबकणारं पाणी. ओपलला उष्णता सोसत नाही, त्यामुळे घाई करून चालत नाही. रविवारी मुलगी टॉर्च धरून शेजारी बसली होती. मी एक बाजू चाकाला लावणार, तेवढ्यात म्हणाली, "आई, इधर से नहीं. ही बाजू वर घे." तिचं बरोबर होतं. त्या बाजूनं घासला आणि लाल वर आला. कापताना तो पाणी पितोच, आणि रंग फिका पडतो. पण साधं पाणी वाळून जातं. काही दिवसांनी आमचा ओपल वाळला आणि सगळा रंग घेऊन परत आला. ती तो उन्हात धरून कितीतरी वेळ बसली होती. त्या वेळी दोषाचं नाव तिच्या तोंडात नव्हतं.

अंगठीत बसवायच्या आधी खडा सिद्ध करायला हवा, असं नणंदेनं काढलं. मी नाही म्हटलं. मुलगी म्हणाली, "आत्याचं मन राखू ना, आई." मी नणंदेला बजावून सांगितलं, "ताई, फक्त देवासमोर ठेवा. दूध, मध, हळद, कशालाही लावायचा नाही." ती म्हणाली, "हो गं, मी काय लहान आहे का?"

तिनं तो गुरुवारपासून शुक्रवारपर्यंत पंचामृतात बुडवून ठेवला. वर हळद-कुंकू घातलं.

रिक्षातून उतरतानाच तिचा चेहरा फुललेला होता. डबी उघडून म्हणाली, "बघ! सगळा दोष खेचून घेतला त्यानं." आत पिवळट, मेणचट गोळा होता. हिरवं नाही, लाल नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढे म्हणाली, "गुरुजी म्हणाले, आता हा नदीत सोडून द्यायचा. तू दुसरा बनव. जरा मोठा बनव."

दुसरा! माती आणून मडकं करावं तसं!

मी खडा उचलला आणि चाकावर धरून मधोमध कापला. मला तिला दाखवायचं होतं की आत शुक्र नाही, दूध-हळद आहे. दोन्ही अर्धुकं तिच्यासमोर ठेवली. पिवळा रंग पार गाभ्यापर्यंत गेला होता. "दिसलं? हे तुमचं पंचामृत आहे, ताई!"

तिनं वाकून बघितलं आणि शेजारी उभ्या माझ्या मुलीकडे बघत गालावर हात ठेवला. "अगं बाई! किती आतपर्यंत होता हिचा दोष!"

तिला रिक्षात बसवून आले, नाहीतर माझ्या तोंडून काय निघालं असतं सांगता येत नाही. परत येते तो मुलगी अर्धुकं हातात घेऊन बसलेली. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "आई, सच में इतना अंदर था क्या?"

नणंदेच्या बोलण्यानं आला नव्हता इतका राग मला तेव्हा आला. त्याच ओपलची, आधी कापताना निघालेली एक कपची माझ्या वाटीत उरली होती. ती मी उचलली आणि मुलीच्या अर्ध्या राहिलेल्या चहात टाकली. "आई, हे काय करून राहिली आहेस?" "थांब," म्हटलं.

संध्याकाळी कपची काढली. तपकिरी झाली होती. तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, "आता हिला कुठला ग्रह लागला? दगड आहे तो, लोक पाजतील ते पितो. तू का पितेस?"

मी ओरडलेच होते. तिचे डोळे भरले आणि मला वाटलं, आता ही उठून खोलीत जाणार. ती उठली, नाक पुसलं आणि फोन लावला.

"आत्या, गुरुजींकडून माझी पत्रिका परत आणून दे. हो, आजच. नहीं, आई ने नहीं कहा. मी सांगून राहिले आहे."