खंडेनवमीचं तेल आणि माझा उजवा डोळा

डॉक्टर म्हणाले, "कॉर्नियल बर्न आहे. शिवाय पितळेचा एक कण आत रुतलाय." मग माझ्या बायकोकडे, सुमनकडे वळून म्हणाले, "उजव्या डोळ्याची नजर किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही."

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. मनगटी घड्याळाच्या काचेसारखा. काच करपली तर आतले काटे शाबूत असूनही वेळ दिसत नाही, असं त्यांनी समजावलं. उपमा चांगली होती, आणि म्हणूनच मी सावध झालो. सांगण्यासारखं नक्की काही नसलं की माणसं उपमा शोधतात, हे पुढाऱ्यांची भाषणं ऐकून मला पाठ झालंय.

मी केजचा. नाव मन्मथ, गावात आप्पा म्हणतात. वाण्याच्या घरात जन्मून किराणा सोडून वेल्डिंगला लागलेला आमच्या भावकीतला मी पहिला. आयटीआयमध्ये रीतसर शिकलो. काम नसलं की वाचनालयातलं पुस्तक घेऊन दुकानात बसतो. त्यामुळे लोक मला शहाणा समजतात, आणि गिऱ्हाइकं जरा दबकूनच येतात.

हे सगळं लिहितोय ते गॅस कटिंग करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. अशा दुकानात दवाखान्याची वाट कुठून सुरू होते, ते मला आता ठाऊक झालंय.

नव्वदीची निम्मी वर्षं सरली होती. गावात केबल आली होती, एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कूलरचे सांगाडे यांना मागणी वाढली होती. तोवर मी कार्बाईडच्या टाकीवर काम करायचो. दगडासारखं कार्बाईड पाण्यात पडतं, गॅस होतो, आणि आख्ख्या गल्लीला कुजक्या लसणासारखा वास येतो. त्या वर्षी मी टाकी काढून भरलेले सिलेंडर आणले. काळा ऑक्सिजनचा, तपकिरी ॲसिटिलीनचा, आणि दोन नवेकोरे पितळी रेग्युलेटर. रेग्युलेटर म्हणजे सिलेंडरमधला प्रचंड दाब उतरवून नळीला सोसेल एवढा करणारा भाग. त्याच्यावर दोन मीटर असतात.

नव्या सेटचं उद्घाटन खंडेनवमीला करायचं ठरलं. आयुष्यभर मी उद्घाटनांची टिंगल केली आहे. शेळ्यांच्या कोंडवाड्यालाही फीत लावणारं आपलं गाव, असं मीच म्हणायचो. पण तालुक्याच्या एका पुढाऱ्याचा निरोप आला की येतो, आणि मी नको म्हणालो नाही. भिंतीवर एक फोटो असावा, असं मलाही वाटलं. हे तेव्हा कबूल केलं नसतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं धुतात, पुसतात, त्यांच्यावर तेलाचा हात फिरवतात, मग कुंकू लावून पुजतात. सकाळपासून घरातली सगळी मंडळी त्यातच होती. हातोड्या, पक्कडी, पाने, छिन्न्या, सगळं पाटावर चकाकत होतं.

आता रशीदभाई. शेजारच्या गाळ्यातले ट्रकचे मिस्त्री, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. जड काम आलं की आम्ही दोघं मिळून करतो. हात कितीही धुतले तरी त्यांच्या नखांच्या कडांना काळं ग्रीस उरतंच. पुढाऱ्यांची जीप आली तेव्हा मी हार घेऊन रस्त्यावर पळालो, आणि ऑक्सिजनचा रेग्युलेटर पाना लावून रशीदभाईंनी बसवला. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी तर ती फारच लक्षात ठेवली.

नारळ फुटला. फोटोग्राफर म्हणाला, "आप्पा, गॉगल वर करा, तोंड दिसू द्या. अन् मीटरच्या समोर उभं ऱ्हावा." मी गॉगल कपाळावर सरकवला, मीटरसमोर तोंड केलं, आणि सिलेंडरची चावी झटक्यात फिरवली. ऑक्सिजनची चावी हळू उघडायची असते आणि उघडताना मीटरच्या बाजूला उभं राहायचं असतं, हे मी स्वतः चार जणांना शिकवलेलं होतं.

टायर फुटावा तसा आवाज झाला. पांढरा जाळ दिसला, आणि मग उजवीकडे काहीच दिसेना.

पुढचं ऐकून सांगतोय. पुढारी रस्त्यापलीकडे गेले, तिथून त्यांनी धीर दिला. रशीदभाईंनी ओलं पोतं हाताला गुंडाळून चावी बंद केली, मला आडवं पाडलं आणि रांजणातलं पाणी तांब्यातांब्यानं डोळ्यात ओतायला लागले. कुणीतरी तूप आणलं. एवढं मात्र मी स्वतः ऐकलं: "तूप न्हाई लावायचं. सरका तिकडं. आप्पा, डोळा मिटू नका. लई आग हुईल, हू द्या." रांजण संपला तेव्हा शेजाऱ्यांनी हंडे आणले. मला बीडला न्यायला भाड्याची जीप येईपर्यंत रशीदभाई ओततच होते.

बीडच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी डोळा बधिर करायचं औषध टाकून सुईच्या टोकानं पितळेचा कण काढला. स्लिट लॅम्प नावाचं यंत्र असतं. त्यातून उजेडाची एक बारीक फट डोळ्यावरून फिरवतात, आणि डॉक्टर दुर्बिणीतून बघत "हं" म्हणतात. मी त्या "हं"चे सात प्रकार मोजले. एकही दिलासा देणारा वाटला नाही.

मग दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डावा धडधाकट असताना तो का बांधला, म्हणून मला शंका आली. डॉक्टर म्हणाले, एक डोळा फिरला की दुसरा त्याच्याबरोबर फिरतो, जखमेला विसावा मिळत नाही. मला ते पटलं नाही. धक्का बसू नये म्हणून हे लोक काहीतरी लपवताहेत, असं मी सुमनला म्हणालो. ती म्हणाली, "लपवायचं असतं तर तुमच्यासमोर हं हं कशाला केलं असतं?"

गालाला आणि भुवईला पांढरं मलम, डोळ्यात तासातासाला थेंब. त्यातला एक थेंब बाहुली मोठी करून ठेवायचा. आतला स्नायू आखडून दुखू नये म्हणून.

अंधारात माणूस विचार करतो, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. माझा अनुभव वेगळा आहे. अंधारात माणूस संशय घेतो आणि त्यालाच विचार समजतो.

रेग्युलेटर आपोआप पेटत नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला असा जाळतो की बघत राहावं. तेलाचा किंवा ग्रीसचा नुसता ओशटपणा आत असला आणि दाबाचा ऑक्सिजन एकदम घुसला, तर काडी लावावी लागत नाही. म्हणजे ओशट काहीतरी आत गेलं होतं. आधी मी सिलेंडरच्या एजन्सीवर संशय घेतला. पण सेट बसवला कुणी? ग्रीसच्या हातांनी कुणी? तिथून पुढे मला सगळं स्वच्छ दिसायला लागलं, पट्टीआडूनच.

माझे सिलेंडर आल्यापासून रशीदभाई जरा गप्प होते. एकदा म्हणालेही होते, "आता तुमी मोठे झाले आप्पा, आमच्याकडं कावून येताल." कावून म्हणजे कशाला. तेव्हा मी हसलो होतो. आता त्या वाक्याला दात फुटले.

तिसऱ्या दिवशी पट्टी काढून डोळ्यात पिवळा रंग टाकला आणि निळा दिवा लावला. जखम असते तिथं तो रंग हिरवा चमकतो. डॉक्टरांनी विचारलं, "लागल्या लागल्या पाणी कुणी ओतलं?" सुमननं नाव सांगितलं. ते म्हणाले, "त्या माणसानं माझ्यासाठी डोळा शिल्लक ठेवला. तूप घालून आला असतात, तर मी फक्त मलमपट्टी केली असती."

कुणीही यावर कृतज्ञ झाला असता. मी म्हणालो, इतक्या तयारीनं पाणी ओतणाऱ्याला आग लागणार हे आधीच ठाऊक असणार.

रशीदभाई एक दिवसाआड केजहून जीपनं यायचे. त्यांच्या घरी शेंगदाण्याचा कूट घालून केलेली मेथी आणि भाकरी डब्यात असायची. मी भूक नाही म्हणायचो. सुमन एकदा त्यांच्यादेखतच म्हणाली, "मग मी खाते. भाबीच्या हातची मेथी लई बेस झाली." मला तिच्या चावण्याचा आवाज ऐकत पडून राहावं लागलं. रशीदभाई बाकावर तासभर बसायचे आणि जाताना म्हणायचे, "येतो आप्पा." मी उत्तर द्यायचो नाही. सुमननं कारण विचारलं तेव्हा सांगितलं. तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बोलून बसू नका. माणूस जाईल हातचा."

मी म्हणालो, डोळा गेला तर माणूस घेऊन काय करू? डोळ्याशिवाय कटिंगची रेषा धरता येत नाही, हे मला रोज दिसत होतं. रशीदभाईशिवाय ट्रकची जड चासी उचलता येत नाही, हे मी दिसू देत नव्हतो.

आठव्या दिवशी डावा डोळा मोकळा केला. त्याच दुपारी रशीदभाई आले. हातात अल्बम. फोटोग्राफरनं उद्घाटनाचे फोटो धुऊन दिले होते. अपघात झाला म्हणून फोटोंचे पैसे मागितले नाहीत, ही त्याची माणुसकी.

मी एका डोळ्यानं पानं उलटली. पुढारी, हार, नारळ, पुन्हा पुढारी. पहिल्याच पानावर चार कप्पे होते आणि फोटो तीन. चौथा कप्पा रिकामा. त्याचं प्लॅस्टिक ताणलेलं, म्हणजे काहीतरी घालून काढलेलं.

आठ दिवस साठवलेलं सगळं माझ्या आवाजात आलं. "इथला फोटो कुठाय, रशीदभाई?"

"खराब आला."

"दाखवा."

"बरे झाल्यावर बघा की आप्पा. घाई काय हाय?"

"दाखवा म्हणतो ना. तुम्ही सेट बसवतानाचा आहे का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या मनात काय आहे ते त्यांना त्या वाक्यातून कळलं, हे मला एका डोळ्यानंही दिसलं. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोटो काढला आणि माझ्या पांघरुणावर ठेवला.

फोटोग्राफर सकाळी लवकर आला होता, कॅमेरा बघायला एकदोन फोटो काढले होते. त्यात मी पाटासमोर मांडी घालून बसलो आहे. डाव्या हातात नवा रेग्युलेटर. उजव्या हातात तेलाची चिंधी. बाकीच्या हत्यारांसारखं त्यालाही चकचकीत करावं म्हणून मी चिंधीचं टोक पीळ देऊन, जिथून ऑक्सिजन आत जातो त्याच तोंडात घातलं आहे. आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे.

मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. सकाळपासून चाळीस हत्यारांवरून हात फिरला होता, हे एक्केचाळिसावं. आयटीआयच्या भिंतीवर लाल अक्षरात लिहिलं होतं: ऑक्सिजनला तेल-ग्रीस वर्ज्य. ते वाचलेल्या माणसाकडून असं होणार नाही, एवढ्याच पुराव्यावर मी स्वतःला सोडून दिलं होतं.

"मग लपवला कावून?" मी विचारलं. त्यांच्या बोलीतला शब्द माझ्या तोंडून कसा गेला, कळलं नाही.

"डोळा आधी बरा हू द्यावा म्हणलं. हे बघून तुमी रडत बसणार. डॉक्टर म्हणले, डोळ्याला ताण नको." त्यांनी आपल्या नखांकडे बघितलं. "अन् मी बी बसवताना आत बघायला पाहिजे होतं. बघितलं न्हाई. हात तेवढे तीनदा धुतले. तुमीच सांगितल्यालं, ऑक्सिजनला ग्रीस नको म्हणून."

मी माफी मागायला लागलो. ते म्हणाले, "ते नंतर. आधी भाकरी खा. तुमची भाबी दर वेळी डबा धुताना म्हणते, एवढं चाटूनपुसून खातेत आप्पा." सुमननं खिडकीबाहेर बघितलं.

दीड महिन्यानं डोळा उघडा करून मी दुकानात आलो. कॉर्नियावर तिळाएवढा पांढरा डाग राहिला आहे. उजव्या डोळ्यानं जग एसटीच्या धुळकट काचेतून दिसावं तसं दिसतं. डाव्याच्या मदतीनं कटिंगची रेषा धरता येते. मी धरून चाललो होतो त्याहून हे बरं आहे. डॉक्टरांचं "हं" तितकं वाईट नव्हतं.

तुमच्याकडे गॅसचा सेट असेल, तर त्याच्यावर तेल नको, ग्रीस नको, ओशट हात नकोत, तेलाचं कापड जवळपाससुद्धा नको. आटे कडक वाटले तरी नको. सिलेंडर उभा आणि साखळीनं बांधलेला असू द्या. जोड गळतो का ते साबणाच्या पाण्यानं बघा, काडी पेटवून नको. रेग्युलेटर लावण्याआधी ऑक्सिजनची चावी क्षणभर किंचित उघडून तोंडातली धूळ उडवा. लावल्यावर चावी हळू फिरवा, मीटरच्या बाजूला उभं राहून, गॉगल डोळ्यांवर ठेवून. फोटोग्राफर काहीही म्हणो. आणि डोळ्याला काही लागलंच, तर साधं स्वच्छ पाणी, भरपूर, आणि दवाखान्याची वाट. घरचं तूप जेवणात घ्या.

खंडेनवमी आम्ही अजून करतो. हातोड्यांना तेल लावतो. सेटच्या ट्रॉलीच्या चाकाला कुंकू आणि झेंडूचं एक फूल, बस. पुढाऱ्यांनी दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा मी गावाला गेलेला होतो.

तो फोटो मी फ्रेम करून ऑक्सिजनच्या वर टांगला आहे. लोकांना वाटतं, कौतुकाचा आहे. छान हसलात, म्हणतात. मी त्यांना चिंधी दाखवतो.

सेटला हात लावायच्या आधी रशीदभाई साबणानं हात धुतात आणि शाळेत नखं दाखवतात तसे दोन्ही पंजे माझ्यापुढे धरतात. त्यांना त्यात गंमत वाटते. मी त्यांचे हात बघत नाही. मी माझे पुढे करतो, आणि ते नीट, उलटेपालटे करून तपासतात.