धोंडुबाईंच्या गोठ्यातला दयाळ

कसबा बावड्यात धोंडुबाई गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळतात आणि गिऱ्हाईक तिथंच उभ्या उभ्या धारोष्ण दुधाचा पेला रिकामा करतं. मीही त्यातलीच. राजारामपुरीतल्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मला सगळं कळतं, असा माझा समज होता.

मे महिन्यात त्यांचा मुलगा विश्वजित यानं गोठ्याचे पत्रे आणि खांब बदलायला पत्रेवाला बोलावला. एका पोकळ खांबात दयाळ पक्ष्याची चार पिल्लं होती. "काय करायचं गं?" धोंडुबाईंनी मला विचारलं. माझ्याकडे त्या दिवशी शिकवायचा तक्ताच होता: एका बाजूला समुद्रगाय, दुसऱ्या बाजूला दयाळ. मी तिथंच तास सुरू केला.

"ही समुद्रगाय सस्तन. पिल्लाला दूध पाजते. दयाळ पक्षी, तो अंड्यातनं येतो."

"दर्यात ऱ्हाऊन दूध देती? सड किती?"

"दोन. पुढच्या वल्ह्यांसारख्या हातांखाली, काखेत."

"काखेत! मग धार काढायची कशी गं?" त्या इतक्या हसल्या की म्हैस पाय झाडायला लागली.

मग मी शेवटची ओळ वाचली, जात नामशेष व्हायच्या धोक्याची. समुद्रगाय धोक्यात. दयाळाला धोका नाही. "म्हणजे घरटं काढलं तरी चालेल," मी रुबाबात म्हटलं.

त्यांचं हसू थांबलं. "गावात म्हशी लय हायत, म्हणून माझी मरू द्यायची व्हय? ह्या चौघास्नी पत्रेवालाच धोका हाय की!"

मी तक्ता गुंडाळला. लाज वाटली.

पत्रेवाला परत गेला. विश्वजित तणतणला, "आये, पाऊस तोंडावर आलाय!"

"येऊ दे. म्हस काय साखरंची हाय, इरघळायला?"

पुढचे बारा दिवस सगळी गिऱ्हाइकं खांबाकडे बघतच दूध प्यायली. तेराव्या सकाळी शेवटचं पिल्लू वैरणीत पडलं, उठलं, म्हशीच्या पाठीवर बसलं आणि तिथून थेट तारेवर गेलं. आम्ही टाळ्या पिटल्या. धोंडुबाईंनी सगळ्यांना दुसरा पेला फुकट पाजला. मला तर वेड्यासारखा आनंद झाला होता.

निघताना त्यांनी हाक मारली, "आनी त्या दर्यातल्या बयेकडं कोन बघतंय गं?"

क्लासमध्ये गेल्यावर मी तक्त्यातलं 'धोका नाही' खोडलं आणि तिथं लिहिलं, 'धोंडुबाई आहेत.' समुद्रगायीपुढची जागा मोकळी ठेवून पोरांकडे वळले. "बोला, इथं कुणाचं नाव लिहू?"